हास्य-करुणांचें एकत्र कुटुंब

हंसूं आणि आंसू हीं एकाच वाड्यांतलीं दोन बिऱ्हाडें आहेत, हें ज्यास भरल्या घरांत राहून कळलें नाहीं त्यास तें कोणत्याहि अलंकारग्रंथानें कळावयाचें नाहीं. तेराव्याच्या दिवशीं गोडाच्या पंक्तीला कोणी तरी गेलेल्या माणसाची एखादी लकब काढतो, सर्वांस हंसूं येतें, आणि त्याच क्षणीं वाढणाऱ्या सुनेच्या हातांतली पळी थांबते. लग्नघरांत ज्या आत्याबाई सकाळपासून वऱ्हाडाची थट्टा करीत असतात, मुलगी उंबऱ्याबाहेर पडतांना त्याच सर्वांआधीं डोळ्यांस पदर लावतात. असें असतां आमच्या जुन्या साहित्यशास्त्र्यांनीं या दोन रसांस सहसा शेजारीं बसूं दिलें नाहीं. विश्वनाथानें 'साहित्यदर्पणां'त भयानक आणि करुण हे दोन रस हास्याचे विरोधी म्हणून स्पष्ट सांगितले आहेत. विरोध मिटविण्याच्या युक्त्याहि त्यानेंच दिल्या आहेत हें खरें. पण विद्यार्थी नियम पाठ करतो आणि युक्त्या विसरतो, असा आमचा शाळेंतील अनुभव आहे.

नाटककार मात्र या नियमाच्या फार पूर्वींपासून आपल्या वाटेनें गेले होते. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'चा नववा अंक वाचकांनीं आठवावा. चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आळ आला आहे आणि न्यायसभा भरली आहे. त्याचा मित्र मैत्रेय, म्हणजे नाटकांतला विदूषक, वसंतसेनेचे दागिने परत करण्यास निघालेला असतो. बातमी ऐकून तो तसाच न्यायसभेंत येतो, शकाराशीं हमरीतुमरीवर येतो, आणि त्या झोंबाझोंबींत त्याच्या काखेंतले दागिने सर्वांसमक्ष खालीं पडतात. प्रेक्षक विदूषकाच्या भांडणास हंसत असतांनाच चारुदत्ताविरुद्धचा पुरावा जमिनीवर पसरलेला असतो. मित्राच्या कैवारानें मित्राचा गळा अडकला! आमच्या मराठी रंगभूमीवर देवलांनीं १८९९ सालीं 'संगीत शारदा' आणलें, त्यांतहि हीच किमया आहे. म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या नवरदेवी थाटास लोक पोट धरून हंसले, आणि त्या हंसण्याच्या पोटींच एका मुलीच्या जन्माचें मातेरें होऊं घातलें आहे हें त्यांच्या ध्यानांत आलें.

ही प्रस्तावना एवढ्यासाठींच कीं, गेल्या कांहीं महिन्यांत नातवंडांच्या संगतीनें आम्हीं घरच्या पडद्यावर तीन बोलपट पाहिले, आणि तिन्हींत हें मैत्रेयाचें भांडण निराळ्या वेषांत आमच्या भेटीस आलें. अमेरिकेंत ज्यांस 'स्वतंत्र' चित्रपट म्हणतात त्या जातीचे यांतील दोन आहेत. तिसरा त्याच वळणाचा, पण आपल्या मुंबईंतला आहे. स्वतंत्र म्हणजे मोठमोठ्या कंपन्यांच्या भांडवलावांचून, निदान त्यांच्या हुकमतीबाहेर, थोडक्या पैशांत काढलेला. युटा संस्थानांतील 'सनडान्स' महोत्सवांत अशा अनेक चित्रपटांस पहिला प्रेक्षक मिळाला. रॉबर्ट रेडफर्ड या नटानें १९८१ सालीं जी संस्था स्थापिली तिनें तो उत्सव नांवारूपास आणला. थोड्या भांडवलाचा एक गुण असा कीं, आगगाडी उलथून टाकावयास पैसे नसले म्हणजे दिग्दर्शकास जेवणाच्या टेबलावरचा अबोला दाखवावा लागतो. अबोल्यास खर्च येत नाहीं. मात्र तो दाखविण्यास माणसाची पारख लागते.

पहिला बोलपट २००६ सालचा, 'लिटल मिस सनशाईन'. जोनाथन डेटन आणि व्हॅलरी फॅरिस या पति-पत्नींनीं मिळून दिग्दर्शिलेला हा त्यांचा पहिलाच कथापट. कथा मायकेल आर्न्ट यांची. खर्च सुमारें ऐंशीं लक्ष डॉलर, म्हणजे तिकडच्या मानानें किरकोळच. गोष्ट एवढीच कीं, ऑलिव्ह नांवाच्या लहान मुलीस सौंदर्यस्पर्धेंत भाग घ्यावयाचा आहे, आणि त्यासाठीं सगळें घर एका जुनाट पिवळ्या फोक्सवॅगन गाडींत बसून न्यू मेक्सिकोंतील आल्बुकर्कीहून कॅलिफोर्नियाच्या समुद्रकांठीं निघतें. बाप इतरांस यशाच्या नऊ पायऱ्या शिकवितो आणि स्वतः पहिल्या पायरीवरच अडखळलेला आहे. मामा विद्वान्, परंतु नुकताच आत्मघाताच्या प्रयत्नांतून वांचलेला. थोरल्या मुलानें वैमानिक होईपर्यंत मौनव्रत धरलें आहे. आजोबा व्यसनी आणि तोंडाचे फटकळ, पण नातीचा नाच त्यांनींच बसविला आहे. आई या सर्वांस जेवूं घालते.

वाटेंत गाडीचा क्लच मोडतो. मग ती ढकलल्यावांचून सुरू होत नाहीं, आणि एकदां सुरू झाली कीं थांबवितां येत नाहीं. म्हणून सर्वांनीं ढकलावयाचें आणि पळत पळत एकामागून एक आंत उडी घ्यावयाची. हें दृश्य पाहून आमची नातवंडें लोळण घेऊन हंसलीं. आम्हांस मात्र त्या गाडींत आमचें घर दिसलें. ज्यांचें एकमेकांशीं पटत नाहीं तेच खांद्यास खांदा लावून ढकलीत आहेत, आणि आंत पोंचलेला मागच्यास हात देत आहे! पुढें प्रवासांतच आजोबा वारतात, आणि इस्पितळाचे सोपस्कार होईपर्यंत स्पर्धेची वेळ टळेल म्हणून घरचीं माणसें त्यांचा देह खिडकींतून काढून त्याच गाडींत ठेवतात. सांगतांना ही गोष्ट अमंगळ वाटेल. पाहतांना हंसूंहि येतें आणि त्या हंसण्याची लाजहि वाटते. आजोबांचें काम करणाऱ्या ॲलन आर्किन यांस आणि कथालेखकास त्या वर्षाचें ऑस्कर पारितोषिक मिळालें, तें योग्यच झालें. मात्र वाचकांस एक सूचना: यांतील भाषा जागोजागीं शिवराळ आहे, आणि शेवटचा नाच कित्येकांस रुचणार नाहीं. वडीलधाऱ्यांनीं आधीं स्वतः पाहावा, मग मुलांविषयीं ठरवावें.

दुसरा बोलपट मुंबईचा, 'द लंचबॉक्स', २०१३ सालचा. रितेश बत्रा हे प्रथम डबेवाल्यांवर माहितीपट काढावयास गेले, आणि त्यांच्या संगतींत हिंडतां हिंडतां ही गोष्ट त्यांस सुचली. डबेवाल्यांच्या हातून डबा चुकणें जवळजवळ अशक्य; येथें नेमका तोच चुकतो. इला नांवाच्या गृहिणीनें नवऱ्यासाठीं जीव ओतून केलेला स्वयंपाक साजन फर्नांडिस नांवाच्या, निवृत्तीस टेकलेल्या एका विधुर कारकुनाच्या टेबलावर जातो. रिकाम्या डब्यांतून चिठ्ठ्या सुरू होतात. परस्त्रीनें परपुरुषास पत्रें लिहावीं, ही गोष्ट आमच्या पिढीच्या कित्येक वाचकांस खटकेल. परंतु दिग्दर्शकानें मर्यादा सोडलेली नाहीं. त्यानें फक्त एवढेंच दाखविलें आहे कीं, ज्या घरांत नवरा जेवणाविषयीं एक शब्द बोलत नाहीं त्या घरांतली बाई, भाजींत मीठ अधिक पडलें आहे असें कोणी लिहून कळविलें तरी आनंदते. आमच्या पुरुष वाचकांनीं येथें क्षणभर थांबून आज दुपारच्या आमटीविषयीं आपण काय बोललों तें आठवावें.

या चित्रांतील हास्याचें पात्र कधींच दिसत नाहीं. वरच्या मजल्यावरच्या देशपांडेकाकूंचा नुसता आवाज येतो, आणि खिडकींतून दोरीला बांधलेली टोपली खालीं येते. आवाज भारती आचरेकरांचा आहे; त्यामुळें मराठी कानांस ती बाई शेजारीणच वाटते. काकू मसाल्याच्या युक्त्या सांगतात, फटकारतात, हंसवितात. आणि हळूहळू कळतें कीं, त्यांचे यजमान कित्येक वर्षें बेशुद्ध पडून छतावरील पंख्याकडे पाहत आहेत, आणि पंखा थांबला तर त्यांचा प्राण जाईल या समजुतीनें काकू तो बंद होऊं देत नाहींत. हंसूं आलें तें कोठें ठेवावें हें प्रेक्षकास कळत नाहीं. पुढें इलेचे वडील दीर्घ दुखण्यानें वारतात. तेव्हां तिची आई रडत नाहीं. तिला भूक लागली आहे एवढेंच ती सांगते. वर्षानुवर्षें आजाऱ्याची उस्तवार करणाऱ्या बाईनें त्या घटकेस भुकेची गोष्ट बोलावी, हें ज्यानें लिहिलें त्यानें घर आंतून पाहिलें आहे.

आणि साजनविषयीं काय लिहावें? इरफान खान २०२० सालीं आपणांतून गेले. त्यांच्या मुद्रेवरचें तें अर्धें हंसूं मात्र डोळ्यांपुढून जात नाहीं. एके सकाळीं साजनला न्हाणीघरांत आपल्या आजोबांच्या वेळचा वास येतो, आणि मग उमगतें कीं हा वास आजोबांचा नव्हे, म्हातारपणाचा आहे, आणि तें आपलेंच आहे. साठी ओलांडलेल्या वाचकांस या जागीं टीकेची जरूर नाहीं.

तिसरा बोलपट आम्हीं मुद्दाम शेवटीं ठेवला आहे, कारण त्यानें आमच्या घरांत आठ दिवस वाद चालविला. 'द फेअरवेल', २०१९ सालचा. दिग्दर्शिका लुलु वांग. चीनमध्यें जन्मून लहानपणींच अमेरिकेंत गेलेली बिली नांवाची मुलगी न्यू यॉर्कमध्यें राहते. तिच्या आजीस, बापाच्या आईस, फुप्फुसाचा कर्करोग झाला असून तीनच महिने उरले आहेत असें वैद्य सांगतात. सगळे कुटुंबीय ठरवितात कीं, आजीस हें कळूं द्यावयाचें नाहीं. पण शेवटची भेट तर घ्यावयाची. मग निमित्त काय? जपानांत राहणाऱ्या एका नातवाचें लग्न! त्याची आणि त्या जपानी मुलीची ओळख अवघ्या तीन महिन्यांची. तरी चांगचुन शहरीं सगळे जमतात. आजी मोठ्या उत्साहानें मेजवानीचा बेत आंखते, आणि तिच्याच निरोपाच्या समारंभाची व्यवस्था ती स्वतः उभी राहून करते.

ही कथा दिग्दर्शिकेच्या घरांत खरोखर घडली. २०१६ सालीं तिनें ती अमेरिकेंतील रेडिओवर सांगितली, आणि तिचा बोलपट झाला. कांहीं निर्मात्यांनीं म्हणे त्यांत एखादें गोरें पात्र घालावें असें सुचविलें. बाईंनीं मानलें नाहीं. म्हणूनच आम्हीं वर 'स्वतंत्र' या शब्दाचा अर्थ पैशांपुरता ठेवला नाहीं. आजीच्या बहिणीचें काम तर दिग्दर्शिकेच्या खऱ्या चुलत आजीनेंच केलें आहे. बिलीचें काम करणाऱ्या ऑक्वाफिना या नटीस २०२० सालीं 'गोल्डन ग्लोब' पारितोषिक मिळालें. पण आमच्या मनांत राहिल्या त्या झाव शूझेन, आजी झालेल्या वृद्ध नटी.

यांतील एक प्रवेश शूद्रकानें पाहिला असता तर त्यास आपला मैत्रेय आठवला असता. इस्पितळांत एक तरुण डॉक्टर आजीस तपासावयास येतो. तो विलायतेंत शिकलेला. म्हणून बिली आजीसमोरच इंग्रजींत त्यास विचारते कीं दुखणें कितपत वाढलें आहे, आणि तो तसाच इंग्रजींत वाईट उत्तर देतो. आजीस इंग्रजी येत नाहीं. तिला एवढेंच दिसतें कीं, मुलगा देखणा आहे, शिकलेला आहे, नातीशीं छान बोलतो आहे. आणि ती त्याचें लग्न झालें आहे काय याची चौकशी करूं लागते! मरणाची वार्ता आणि स्थळाची चौकशी एकाच खोलींत, एकाच श्वासांत चालली आहे. आम्हीं हंसलों, आणि शेजारीं पाहतों तों आमच्या सूनबाई डोळे पुशीत होत्या.

आतां वादाविषयीं. बिलीचें म्हणणें अमेरिकेंतील रीतीचें: ज्याचें आयुष्य त्यास तें जाणण्याचा हक्क आहे, त्यास कोणाचा निरोप घ्यावयाचा असेल, कांहीं सांगावयाचें असेल. तिच्या चुलत्याचें म्हणणें असें कीं, माणूस एकटा नसून कुटुंबाचा अंश आहे. म्हणून मरणाचें ओझें त्याच्या डोक्यावर न देतां सर्वांनीं वांटून उचलावें, हेंच कुटुंबाचें कर्तव्य होय. गंमत ही कीं, आजीनेंहि आपल्या नवऱ्याच्या दुखण्यांत हेंच केलें होतें! आमच्या घरांतील तरुण मंडळी बिलीच्या बाजूस गेली आणि पोक्त मंडळी चुलत्याच्या. आम्हांस पंच नेमण्यांत आलें.

पंचानें शास्त्र पाहावें. 'मनुस्मृतीं'तील उपदेश सर्वांस ठाऊक आहे: सत्य बोलावें, प्रिय बोलावें, अप्रिय सत्य बोलूं नये. इतकें सांगून लोक थांबतात. परंतु मनु थांबत नाहीं. प्रिय असलें तरी असत्यहि बोलूं नये, असें तो लागलेंच पुढें सांगतो. म्हणजे तो आजीपासून आजार लपविणाऱ्यांसहि पुरता मोकळा सोडीत नाहीं आणि तोंडावर सांगणाऱ्यांसहि नाहीं. चरकानें 'विमानस्थाना'च्या आठव्या अध्यायांत शिष्य-वैद्यास उपदेश करतांना म्हटलें आहे कीं, रोग्याचें आयुष्य सरत आलें हें कळलें तरी, जेथें तें सांगितल्यानें रोग्यास किंवा दुसऱ्या कोणास घात होईल तेथें सांगूं नये. येथें 'जेथें' हा शब्द महत्त्वाचा आहे. कोठें घात होईल आणि कोठें होणार नाहीं, हें त्या त्या माणसावर अवलंबून आहे. आणि तें माणूस ओळखण्याचें काम ग्रंथानें आपल्यावर टाकलें आहे.

आमच्याच घरांतील एक गोष्ट सांगतों. आमचे थोरले बंधू शेवटच्या दुखण्यांत होते तेव्हां आजाराचें खरें नांव घरांतील पांच माणसांस ठाऊक होतें. त्यांस नव्हतें, निदान आम्ही तसें समजत होतों. त्यांनीं काशीयात्रेचा बेत काढला. वहिनींनीं लगेच चौघांचीं तिकिटें काढविलीं. मग दादांनीं आपणास आगगाडींत खालचाच बाक पाहिजे, वरचा मिळाला तर आपण येणार नाहीं, म्हणून पुतण्याशीं अर्धा तास वाद घातला. वहिनी हंसत हंसत स्वयंपाकघरांत गेल्या, आणि तेथें आमच्या सौभाग्यवतींच्या खांद्यावर डोकें टेकून रडल्या. ते चार महिने दादा आनंदांत होते; रोज वेळापत्रक पाहत, घाटांचीं नांवें पाठ म्हणून दाखवीत. हें जमेच्या बाजूस. खर्चाच्या बाजूस एक टिपणवही आहे. आमच्या वडिलांचें अक्षर घरांत एकट्या दादांस लागत असे, आणि ते ती वही स्वच्छ उतरून काढीत होते. शेवटचीं बारा पानें राहिलीं. "काशीहून आल्यावर पुरी करूं," असें म्हणून त्यांनीं ती बाजूस ठेवली. त्या पानांवर काय आहे तें आज कोणासहि वाचतां येत नाहीं. दोष कोणाचाच नव्हता. प्रत्येकानें मायेपोटींच केलें. पण मायेच्या व्यवहारांतहि दोन रकाने असतात, एवढेंच आमचें म्हणणें.

म्हणून पंचाचा निवाडा असा झाला. सांगावें कीं सांगूं नये, हें आजारी माणसाच्या उशाशीं बसून इतरांनीं ठरविण्याची गोष्ट नव्हे. तें ज्याचें त्यास, तो धडधाकट असतां, हंसत्या-खेळत्या दिवशीं विचारून ठेवावें. अभद्र बोलूं नये या समजुतीनें आपण हा प्रश्न टाळतों, आणि मग अभद्र वेळ आल्यावर तो विचारतांच येत नाहीं. असा प्रश्न काढावयास 'फेअरवेल'सारखें निमित्त चांगलें. परक्या आजीविषयीं बोलतां बोलतां आपल्या आजीचें मन कळतें. चित्राच्या शेवटीं खऱ्या आजीची छबी दिसते, आणि वैद्यांनीं तीन महिने सांगितल्यावर सहा वर्षांनीं ती हयात होती असें कळतें. लपविल्यामुळेंच ती जगली असें चुलत्याच्या पक्षानें आमच्या घरीं लगेच जाहीर केलें. एका उदाहरणावरून सिद्धांत काढूं नये, असें आम्हीं त्या पक्षास सुचविलें.

वाचकांनीं आपापल्या घरीं हा प्रश्न काढून पाहावा. उत्तरें एकसारखीं येणार नाहींत, आणि तीं तशीं यावींतहि कशाला? आम्हीं आमचें उत्तर मुलांस सांगून ठेवलें आहे: आम्हांस सांगावें, मात्र रात्रीं सांगूं नये, सकाळीं, दुसरा चहा झाल्यावर सांगावें, म्हणजे दिवसभरांत कांहीं आवरतां येईल. आमच्या सौभाग्यवतींस विचारलें तेव्हां त्या वाती वळीत होत्या. त्यांनीं हात न थांबवितां सांगितलें, "मला सांगूं नका. मला कळेलच. फक्त मला कळलें आहे असें तुम्हांला वाटलें, तर तुम्हीहि तें मला दाखवूं नका." यावर सगळें घर हंसलें. मग कोणी कांहीं बोललें नाहीं, आणि सूनबाई दिवा लावावयास उठल्या.